पांढरा पट्टा

सतरा नंबरच्या ऐनाच्या झाडाला साल नव्हती. एखादी ढलपी निघालेली नव्हे, छातीच्या उंचीवर चांगली वीतभर रुंद, खोडाला पूर्ण गोल फिरून, आतलं लालसर लाकूड उघडं पडेपर्यंत सोललेली. स्मिताने हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"अगं आई गं!" एवढंच तिच्या तोंडून निघालं.

अठराव्याची तीच गत. एकोणिसाव्याचीही. ती धावतच सुटली. वीस, एकवीस, बावीस. मधल्या पोखरलेल्या, वाळवी लागलेल्या झाडांना कोणी बोटसुद्धा लावलं नव्हतं. सोललेली होती ती फक्त नंबरवाली, निवडून निवडून. वर पानं जागच्या जागी होती, पण त्याचं काय घेऊन बसायचं? साल अशी गोल काढली की पानातलं अन्न मुळांपर्यंत उतरत नाही. झाड उभ्या उभ्या उपाशी मरतं. वर्ष-दोन वर्षं लागतात, इतकंच.

रबाळ्याच्या मागच्या डोंगरावर दर उन्हाळ्यात वणवा लागायचा. खाली कारखान्यांत पाळी बदलायची, वर डोंगर जळत असायचा, आणि कोणी मान वर करून बघायचंही नाही. या वर्षी, म्हणजे सत्त्याण्णव साली, गावदेवीच्या राईतली कोणती झाडं धडधाकट आहेत, कोणती आगीत टिकतील, हे तपासायचं काम वनखात्याकडून स्मिताकडे आलं. महिनाभर ती सानपाड्याहून रोज येत होती. खोडावर लाकडी हातोडी ठोकून पोकळ आवाज येतो का ऐकायची, सालीत सुई खुपसून जाडी मोजायची. ऐनाची जाड साल म्हणजे त्याचं चिलखतच. ती शाबूत असली की वणवा आतपर्यंत पोचत नाही. अशी अडतीस झाडं निघाली. त्या अडतिसांना तिने पांढरा ऑइलपेंट मारला. बाकीचे लोक नुसता नंबर टाकून मोकळे होतात. हिने नंबरासोबत हौसेने खोडाभोवती पूर्ण पट्टा काढला, धुरातही कुठल्याही बाजूने दिसावा म्हणून.

आज तिच्या पर्समध्ये मंजुरीचं पत्र होतं. पट्टेवाल्या झाडांभोवतीचं गवत काढायचं आणि होळीपासून पावसापर्यंत दोन राखणदार ठेवायचे. दहा दिवसांनी ती डोंगरावर आली होती, तीही नाचतच.

"बिल्डरचं काम हाय मॅडम," खालच्या कारखान्याचा वॉचमन हौसेराव धापा टाकत मागून आला. "झाड वाळलं की तोडायची परवानगी मिळती. चला, पोलिसात जाऊ."

"जाऊच. सोडणार नाही मी." स्मिता म्हणाली. "ज्याने हे केलं ना, त्याचे हात तोडले पाहिजेत, हात!"

तेवढ्यात वरच्या अंगाने पुतळाबाई उतरताना दिसली. पाड्यावरची म्हातारी. कामाच्या दिवसांत ती रोज स्मितासाठी मडक्यातलं गार पाणी आणायची आणि बाजूला उकिडवी बसून बघत राहायची. पट्टे मारताना तिने एकदा नव्हे, तीनदा विचारलं होतं, "बाय, ह्या कशाला गो?" पण ब्रशवरचा रंग वाळत असायचा. "वरून ऑर्डर आहे मावशी, मग सांगते," म्हणून स्मिता पुढच्या झाडाकडे वळायची. ते 'मग' राहूनच गेलं.

"आलीस बाय!" म्हातारीच्या तोंडभर हसू होतं. "नव दिस वाट बगते तुजी."

तिच्या हातात कोयता होता. दोन्ही तळव्यांना चिंध्या बांधलेल्या, आणि त्या चिंध्यांतून रक्त पाझरलेलं. पात्याला पांढऱ्या रंगाचे कपचे चिकटले होते.

स्मिताने पात्याकडे बोट दाखवलं. "मावशी... तुम्ही?"

"मंग कोन? रॉकेलनी घासला, जाईना. रंग पार भेगांत शिरलेला. मंग देवीला नारल दिला, माफी मागली, न सोललाच." म्हातारीने कोयता पदराला पुसला. "माज्या घरावर पन असाच नंबर मारलेला गो, खाडीकडच्या जुन्या गावात. मी इचारला, ह्या कशाला? तं बोलले, वरशी ऑर्डर हाय. आठ दिसांनी बुलडोझर आला. शेजारनीनी तिचा नंबर आदीच खरवडून टाकलेला, तिचा घर हाय अजून. मी येडी, बगत राह्यले. हितं झाडांवर तोच पांढरा नंबर बगला. बोलले, आता नाय बगत बसायची."

पर्समधलं पत्र स्मिताने बाहेरूनच घट्ट दाबून धरलं होतं.

"रडतेस कशाला, येडी पोर!" पुतळाबाई म्हणाली. "सदतीस जाली. वरचा थोरला तेवढा राह्यलाय. त्याची साल लय जाड, माजा कोयता पोचं ना."

तिने कोयता स्मिताच्या हातात ठेवला आणि चिंध्या बांधलेल्या बोटांनी तिची मूठ मिटवली.

"तू तरनी हायस, बाय. तो येक तू वाचव."