तीन लाख कमी

“किमान पंचवीस लाख लागतात, सर,” टेबलापलीकडच्या उर्वशी मॅडम म्हणाल्या. “तुमचे बावीसच होताहेत. त्याखाली आम्हाला ही योजना देताच येत नाही.”

“अरेरे!” लटारू म्हणाला. चेहरा पाडायचा त्याने फार प्रयत्न केला, पण तो काही पडेना. आयुष्यभर एसटी चालवून मिळालेले पैसे कमी पडले म्हणून एवढा खूश झालेला माणूस चंद्रपूरच्या त्या गारेगार ऑफिसात पूर्वी कधी आला नसावा.

योजना त्याला मुळातच नको होती. पाच वर्षं पैशाला हात लावायचा नाही. बाजार वर गेला तर चांदी, खाली आला तर हरी हरी. मध्येच बायकोला, मनकर्णेला, दवाखान्यात न्यायची वेळ आली तर काय करायचं? पण सुचवलं होतं जावयाने. हेमराज खाणीतून सुट्टी टाकून, घुग्घुसहून मोटरसायकल काढून सासऱ्याला इथे घेऊन आला होता. आणि जावयाला नाही म्हणणं लटारूच्या सात पिढ्यांत कुणाला जमलं नव्हतं. आता ऑफिसनेच नाही म्हटलं. परस्पर काम झालं.

तो उठायला लागला, तेवढ्यात मॅडम हेमराजकडे वळल्या. “वरचे तीन तुम्ही घातले तर होऊन जाईल. दोघांच्या नावे खातं काढू.”

लटारू पुन्हा खाली बसला. हेमराजने सासऱ्याकडे पाहिलं.

“टाकतो मी. सोसायटीतून लोन उचलतो.”

मॅडमनी पेन पुढे केलं.

स्वतःचे पैसे बुडाले असते तर लटारूने नशिबाला बोल लावला असता. पण पोरीच्या संसारावर कर्ज? तेही आपल्या भिडेपायी? त्याने डोळे मिटले आणि बोलून टाकलं.

“नाई जवाईबापू. नको मले हे.”

आता हे रुसणार, पोरीला माहेरी पाठवणार नाहीत, असं काय काय लटारूच्या मनात येऊन गेलं.

“काऊन, मामाजी?”

“भेव लागते मले. पैसे अटकले त बिमारीले काय करू? मी पोस्टात ठेवतो. दर तीन महिन्याले व्याज हाती आलं, का झालं. थोडे बँकेत, कधीबी काढता येते असे.”

हेमराज खुर्चीत मागे रेलला. “हुश्श! मले त रातभर झोप नाई, मामाजी. तुमचे पैसे बुडाले असते त तोंड कसं दाखवलं असतं?”

“मंग आणलं काऊन मले इथी?”

“मी नुसतं ऐकलेलं सांगतलं. तुमी म्हणलं, ‘तुमी म्हणसान तसं.’ मले वाटलं, तुमाले लय पसंत आहे!”

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. मागच्या केबिनकडे एक नजर टाकून त्या हळूच म्हणाल्या, “पोस्टच बरं आहे, काका. एवढ्या रकमेला, या वयात तेच योग्य.”

खाली टपरीवर दोघांनी चहा घेतला. ऊन मी म्हणत होतं, पण लटारूला फार हलकं वाटत होतं. जावयाला नाही म्हटलं आणि काहीसुद्धा बिघडलं नाही. हेमराज मात्र कपात बघत घुटमळत होता.

“मामाजी, राग नाई येणार त एक सांगू? सहा वर्सांपासून सांगीन म्हणतो.”

“सांगा नं.”

“मामीजीच्या हातची पाटोडी मले लय तिखट लागते. त्यात तुमी दोन-दोनदा वाढता. डोळ्यातून पाणी येते माह्या.”

लटारूने आजूबाजूला पाहिलं. मनकर्णा तिकडे गोंडपिपरीला घरी होती, तरी त्याने आवाज खाली आणला.

“मले त तीस वर्सं झाले, जवाईबापू. अजून सांगता नाई आलं.”