मीठ घालण्याआधी

तिसरं ताट खिडकीतून परत आलं, तेव्हा मावशी हातातलं काम टाकून खिडकीशी आल्या.

"मावशी, आज भाजीत मीठ नाहीये," लेथ मशीनवर काम करणारा एकजण म्हणाला. आवाज चढवून नव्हे, आजारी माणसाशी बोलावं तसा. तेच त्यांना जास्त लागलं. कारखान्याच्या या कॅन्टीनमध्ये रोज दोनशे माणसं जेवत होती आणि बावीस वर्षांत मावशींच्या हातच्या जेवणाला कुणी नाव ठेवलं नव्हतं.

"तुझी जीभ गेली असेल तंबाखूने."

"माझी गेली असेल हो. पण या सगळ्यांची?"

त्याने मागे बोट दाखवलं. टेबलांवरून मिठाची एकुलती एक वाटी हातोहात फिरत होती.

मावशींनी पातेल्यावरचं झाकण सरकवलं, डावातला रस्सा दोन थेंब तळहातावर घेऊन चाखला आणि वळून मोरीत थुंकला. चांगला झाला होता की! खरं तर किंचित खारटच. वाटी तर फिरतच होती. मग मात्र त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि त्या उलट्या ठेवलेल्या क्रेटवर बसल्या.

गेल्या तीन आठवड्यांत मीठ त्यांनी जवळजवळ सोडलंच होतं. गुडघ्याचं ऑपरेशन करायचं तर आधी दहा किलो उतरवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. नाहीतर वर्षभरात चुलीपुढे उभं राहणं संपलं. मावशींनी दोन महिने जिवाचा आटापिटा केला. गोड सोडलं, रात्रीचा भात सोडला, काटा ढिम्म हलला नाही. शेवटी दवाखान्यातल्या आहारवाल्या बाईंनी त्यांच्या नडगीवर अंगठा दाबून धरला. अंगठा काढला तरी खड्डा तसाच. "ही नुसती चरबी नाही मावशी, अंगात पाणी साठलंय. खारट कमी करा." डॉक्टरांनीही सगळ्या तपासण्या पाहून तेच सांगितलं.

सांगायला काय जातं! पण मावशींनी केलं. स्वतःच्या ताटातलं मीठ गेलं, चहाबरोबरचे खारे शेंगदाणे गेले. भाजी चाखायची तीसुद्धा थुंकून टाकायची. पायांवर उठणारे चपलेचे वळ नाहीसे झाले, काटा साडेतीन किलोंनी खाली आला. आणि इकडे जीभ मात्र कुणाला न विचारता बदलून बसली. चिमूटभर मीठही तिला आता भरपूर वाटत होतं, आणि दोनशे माणसांचं जेवण तिच्याच भरवशावर शिजत होतं.

पाय वाचवावेत तर हातची चव जाते. मावशींचे डोळे भरून आले. कांद्याचा बहाणा करायला हाताशी कांदाही नव्हता.

"आहात का?"

खिडकीत गेटवरचे काका उभे होते. हे कॅन्टीनला कधीच यायचे नाहीत. घरचा डबा आणायचे आणि कॅन्टीनबाहेरच्या बाकावर एकटेच बसून खायचे.

"या, तुम्हीच राहिला होतात! तुम्हालाही मीठ हवंय का?"

"नको, नको." काकांनी इकडेतिकडे पाहिलं आणि डब्याचं रिकामं झाकण हळूच पुढे केलं. "ऐकलं की आज भाजी अळणी आहे. म्हणजे अगदीच कमी मिठाची. खरं का?"

"खरं आहे. हसा तुम्हीपण."

"हसतोय कशाला? मला तेरा वर्षं डॉक्टरांनी मीठ बंद केलंय." ते जरा घुटमळले. "सून करते हो डबा, मन लावून करते. पण तिला वाटतं मीठ नाही म्हणजे काहीच नाही. तुमच्या फोडणीचा वास रोज त्या बाकापर्यंत येतो. आज म्हटलं, विचारून तर बघावं."

मावशींनी झाकणात भाजी वाढली. काकांनी उभ्याउभ्याच पहिला घास घेतला आणि चावता चावता थांबले. मग पाठ करून उभे राहिले.

"लसूण?" त्यांनी तिकडे तोंड करूनच विचारलं.

"लसूण. आणि मिरी. शेवटी लिंबू."

"सुनेला सांगतो," म्हणत काका झाकण घेऊन बाकाकडे गेले.

मावशींनी पदराने डोळे पुसले, गुडघ्यावर हात टेकून उठल्या. दुसऱ्या पाळीची भाजी शेगडीवर रटरटत होती. त्यात अजून मीठ पडलं नव्हतं. त्यांनी खिडकीतून हाक मारली, "ए लेथवाल्या! इकडे ये. लई जीभ आहे ना तुला? चाख."

"मी?"

"मग कोण, मालक? उद्यापासून रोज अकराला यायचं आणि चाखून जायचं. तोंडात तंबाखू दिसली तर डाव घालीन टाळक्यात."

तो हसत आत आला आणि पातेल्यावर वाकला, तशी मावशींनी त्याला हाताने अडवलं. आधी त्यांनी भाजीची दोन ताटं वाढून घेतली. मग मिठाचा डबा, ज्याला आजवर त्यांनी कुणाला हात लावू दिला नव्हता, तो त्याच्या हातात ठेवला.

दोन्ही ताटं घेऊन त्या सावकाश पाय टाकत बाहेर बाकापाशी गेल्या.

"ही दोन?" काका म्हणाले. "अहो, एवढं कसं खाईन मी?"

"एक माझं आहे," मावशी म्हणाल्या. "सरका जरा."