लालासाहेबांचे नवे टायर

लढाई संपली, बाजारात टायर मिळू लागले आणि लालासाहेबांना घाटाची भीती वाटायला लागली. त्यांची दणकट इंजिनाची दोनदारी विलायती गाडी पुन्हा सांगलीला, जोतीराम मिस्त्रीच्या दारात येऊन उभी राहिली. शेजारच्या सीटवर नेहमीप्रमाणे त्यांचा फेटा तेवढा होता.

"जोतीराम, वळणावर चाक सरकतंय. चांगली पकड पायजे."

जोतीरामनं मनातल्या मनात कपाळाला हात लावला. दसऱ्याला घातलेल्या टायरांची नक्षी अजून बोटाला टोचत होती! पण मोठ्यांची हौस. त्यानं गुमान नवे टायर मांडले, तारांची चाकं दाखवली, पत्र्याची दाखवली. लालासाहेबांनी एकेका टायरवर अंगठा दाबून बघितला आणि खोल खाचांचे पसंत केले. मग गाडीतला फेटा काढून डोक्याला घातला.

"साळूबाईला सांग, ताट घिऊन ये म्हनावं."

नवी चाकं चढली की जोतीरामची बायको साळूबाई त्यांना कुंकू लावायची, गाडीला ओवाळायची आणि शेवटी मालकालाही ओवाळून टिळा लावायची.

"ती म्हसवडला गेलीया, रथाच्या जत्रेला. लिंबं मीच ठिवतो चाकाखाली, सरकार."

लालासाहेबांनी फेटा उतरवला आणि परत शेजारच्या सीटवर ठेवला.

"मग ऱ्हाऊ दे. जुने टायर लय चांगले हायती अजून." गाडी सुरू करता करता ते थांबले. "ती कवा येनार, जोतीराम?"