खाप्र्याचा उंडा

“वाच गो. मोठ्यान वाच. सगळ्यांका आयकाक येवंदे,” शिवदास म्हणाला आणि खुर्चीत मागे रेलला.

नात समीक्षा मोबाइल हातात धरून अंगणात उभी होती. देवस्थानाचे दोघे जण पडवीच्या कठड्यावर बसले होते. त्यांना शिवदासनेच बोलावलं होतं. तमाशा करायचा तर प्रेक्षक हवेत. समीक्षाचा बाप, धाकटा मुलगा गोकुळदास, म्हाताऱ्याच्या खुर्चीला टेकून उभा होता. थोरला विठू खालच्या पायरीवर बसला होता. या घरात त्याची जागा तीच. दारात शिवदासची बायको चंद्रावती तरंगाच्या लुगड्याच्या निऱ्या घालत होती.

दसरा तोंडावर आला होता. ग्रामदेवतेचा तरंग, म्हणजे लुगडी नेसवलेला देवाचा खांब, मिरवायचा मान याच घराण्याचा. शिवदासचे गुडघे गेले, तेव्हा रीतीप्रमाणे मान थोरल्याकडे जायचा. पण शिवदासने देवळात, चारचौघांत सांगून टाकलं, “विठू माजो न्हय. तो खाप्र्याचो झील. जेच्यात माजा रगात, तोच तरंग धरतलो.” आजवर खाली मान घालून ऐकणारा विठू त्या दिवशी पहिल्यांदा बोलला, “मगे तपासा रगात.”

रक्त नव्हे, थुंकी लागली. समीक्षाने नळ्या मागवल्या. पूर्वज कुठले आणि कोण कुणाचं लागतं, दोन्ही सांगणारी ती तपासणी. तिन्ही पुरुष थुंकले, हौसेने समीक्षाही थुंकली. चंद्रावतीला कुणी विचारलं नाही. तिच्याकडून घराण्याला काय कळायचं होतं?

लग्नानंतर शिवदास मुरगाव बंदरात कामाला होता. खनिजाच्या बोटी भरायच्या. बायकोलाही त्याने तिथेच खोली करून नेलं. विठू झाला तो काळाभोर, डोक्यावर दाट कुरळे केस. बंदरात आफ्रिकेकडचे खलाशी उतरत. शिवदासच्या डोक्यात किडा शिरला तो शिरलाच. ओल्या बाळंतिणीला त्याने पट्ट्याने फोडून काढलं आणि नंतर त्याचा हात कधी आखडला नाही. मग दोनेक वर्षांनी गोकुळदास झाला. गोरापान, सरळ केसांचा. त्याचे मात्र शिवदासने शेजारीपाजारी पेढे वाटले.

गावी परतल्यावर त्याला नवीन खेळ सापडला. कोरगावच्या त्यांच्या वाड्याच्या वेशीवर खाप्र्याचं ठाणं होतं. खाप्री म्हणजे पोर्तुगिजांच्या काळात आणलेला हबशी गुलाम, तो मेल्यावर तिथे राखणदार होऊन बसला, अशी गावची समजूत. जिवंतपणी ज्याला बांधून ठेवलं, त्यालाच मेल्यावर राखणीला बसवलं. माणसांची जातच अशी. दर अमावास्येला त्याच्यापुढे उंडा म्हणजे गोल पाव, विडी आणि दारू ठेवायची. शिवदास तो उंडा लहानग्या विठूच्या हातात द्यायचा आणि सगळ्यांदेखत म्हणायचा, “जा, बापाशीक जेवाण दिवन ये.” लोक हसायचे. विठू न्यायचा. म्हातारा होत आला तरी नेतच होता. त्याला मुलगी कुणी दिली नाही.

“आफ्रिका,” समीक्षा वाचू लागली, “मोठे काका, नऊ टक्के.”

शिवदासने मांडीवर थाप मारली. “आयकलास? सांगलंय ना तुमका?”

“आजोबा, तुम्ही अठरा टक्के.”

शिवदासचा हात आपोआप डोक्यावर गेला. जन्मभर तो डोकं तासून घ्यायचा, आठवडा चुकवायचा नाही. केस वाढले की कसे दिसायचे, हे गावात कुणी पाहिलं नव्हतं.

“मोठ्या काकांना ते तुमच्याकडूनच आलंय,” समीक्षा म्हणाली. “बाप आणि मुलगा, असं स्पष्ट दाखवतंय.”

देवस्थानाचे दोघे एकमेकांकडे बघू लागले. विठू उठला. सगळ्यांना वाटलं, आता हा तरंगाचं काढणार. तो बापासमोर जाऊन उभा राहिला.

“मगे आवयक कित्याक मारलास?”

आधार हवा म्हणून शिवदासने गोकुळदासचा हात धरला. “ह्याचां वाच,” तो नातीवर खेकसला. “माज्या झिलाचां वाच.”

“बाबांमध्ये आफ्रिका नाही,” समीक्षा म्हणाली. “शून्य.”

गोकुळदास हसला. हसू त्याला आवरलंच नाही. समीक्षाने मात्र मोबाइल खाली केला नाही. ती पुन्हा पुन्हा तीच ओळ वाचत होती.

“बाबा, तुमचं आजोबांशी काहीच जुळत नाही. माझंही नाही. मोठे काका तुमचे... फक्त आईकडून भाऊ आहेत.”

गोकुळदासचं हसू तोंडातच मेलं. शिवदासने त्याचा हात सोडला, विस्तव हातात आल्यासारखा सोडला. मग खुर्चीचे हात धरून तो कसाबसा उभा राहिला आणि दाराकडे वळला. इतक्या वर्षांच्या सवयीने त्याचा हात वर गेला होता.

“ह्यो कोणाचो?”

चंद्रावतीने शेवटची निरी घातली. लुगडं नीट घडी करून बाजूला ठेवलं. गोकुळदासकडे तिने पाहिलं नाही, विठूकडेही नाही.

“तुमका गोरो झील व्हयो होतो,” ती म्हणाली. “आणून दिलंय.”