उत्तर ठाऊक असलेलं गणित

“सर, झोत नळीच्या भिंतीला घासतोय. काही सुचतंय का?” शलाकानं दर गुरुवारी विचारायची तसंच विचारलं आणि हर्डीकर सरांसाठी खुर्ची ओढली.

प्रवेगकातल्या, म्हणजे कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रातल्या, विद्युतभारित कणांचा झोत शेकडो प्रोसेसरांवर एकाच वेळी चालवून बघणारं ते सॉफ्टवेअर सरांनीच लिहिलेलं. आता त्यांना घरचा रस्ताही आठवत नसे. म्हणून शलाका त्यांना त्यांचंच जुनं, कधीच सुटलेलं गणित नवं म्हणून देई. सर चष्मा पुसत, झोत वळवणाऱ्या चुंबकांचे आकडे बदलत आणि एकही कण न सांडता झोत पार झाला, की “दे टाळी!” म्हणून तळहात पुढे करत.

आज पडद्यावर झोत सरळ गेला, पण सरांचा हात मांडीवरच राहिला.

“अगं, हे तर मीच सोडवलेलं. नवा संगणक आला की आपण हेच चालवून बघायचो ना? उत्तर जुळलं म्हणजे मशीन धड.”

शलाकानं घाईनं डोळे पुसले. “सर, मी...”

“रडू नकोस. मशीन धडच आहे. बिघाड इकडे आहे.” त्यांनी कपाळावर बोट टेकवलं. मग तळहात तिच्यापुढे धरून हळूच म्हणाले, “पुढच्या गुरुवारीही हेच दे हं. तोवर मी विसरलेलो असेन.”