निळ्या रंगाखालचा आकडा

मुलीला बघायला पाहुणे येणार होते. दाराशेजारी विमानतळाच्या सर्व्हेवाल्यांनी लिहिलेला लाल आकडा दिसला, तर हे घर पडणार हे त्यांना कळलं असतं. म्हणून चंद्रकलाबाईंनी भिंत निळी रंगवली. सोयरीक काही जुळली नाही.

आज मैदानात मांडवाखाली नव्या टर्मिनलचा नकाशा टांगला होता. बदली खोल्यांच्या यादीवरून साहेबांनी दोनदा बोट फिरवलं.

"मावशी, सर्व्हेत घरांचे फोटो काढले त्या दिवशी तुमच्या भिंतीवर नंबरच नव्हता. ज्या घराला नंबर नाही, त्याला खोली नाही."

"मग माझं घर पाडणार नाहीत ना?"

साहेबांनी नकाशाकडे पाहिलं. "तिथे पार्किंग आहे."

घरी येऊन चंद्रकलाबाईंनी उलथन्याने भिंत खरवडली. निळ्या पोपड्यांबरोबर लालही निघून आला.