ओव्हरटाइमचा नियम

अमेरिकन फुटबॉलच्या मॅचमध्ये बरोबरी झाली, जादा वेळेत, म्हणजे ओव्हरटाइममध्ये, डॅलसची टीम हरली आणि चंद्रशेखर दोन दिवस धुमसत राहिला. शेवटी त्याने पेपरला पत्र लिहायचं ठरवलं. त्याच्या क्लिनिकची सगळी पत्रं त्याची बायको सुनेत्राच टाइप करायची, तेव्हा हेही तिच्याकडेच आलं.

"लिही. टॉस जिंकणाऱ्याने आधी बॉल घ्यायचा, पॉइंट काढले की मॅच खलास. दुसऱ्या टीमने एवढी तयारी करून यायचं आणि नुसतं कडेला उभं राहायचं. अरे, एकाचं झालं की दुसऱ्याला चान्स नको? साधा न्याय आहे यार."

"लिहिलं. तुझ्या नावाआधी डॉक्टर लावू ना?"

"लाव की. वजन पडतं."

"मग खाली माझंही नाव घालू? दोन डॉक्टर म्हटल्यावर जास्त पडेल."

तो हसला. सुनेत्रा हसली नाही. इथे डॉक्टरकी करायची तर आधी रेसिडेन्सी करावी लागते; आधी त्याची, मग तिची, असं ठरवून दोघं डॉक्टर त्र्याहत्तर साली अमेरिकेत आले होते. त्या गोष्टीला आता बारा वर्षं होत आली होती.

चंद्रशेखरने टाइपरायटरमधला कागद हळूच ओढून घेतला आणि घडी करून खिशात टाकला.

"राहू दे," तो खाली बघत म्हणाला. "नियम तसा ठीकच आहे."